लांब गाडी आणि सशाचं कालवण

कशेळ्याच्या पुढं मुरबाडच्या रस्त्यावरून एक फाटा डोंगराकडं जातो. चढण लागायच्या जरा आधी तो असा काही वळतो की पूर्वी बैलगाडीवाल्यालाही तिथं खाली उतरून बैलांना हात लावावा लागायचा. त्या वळणावर मालोजीचं घर. मालोजी चौऱ्याहत्तर वर्षांचा. बायको जयवंता जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा जितेश चाकणला कारखान्यात, त्याचं बिऱ्हाडही तिथंच. गणपतीला सगळे यायचे, होळीला जमलं तर. एरवी घरात मालोजी आणि परड्यात सात-आठ कोंबड्या.

एकटेपणाची तक्रार तो कुणाजवळ करत नसे. बाजाराच्या दिवशी मात्र कशेळ्याला न चुकता जायचा. पिशवीत फार काही यायचं नाही, पाव किलो कांदे, एखादा साबण. पण दुकानदार "काय देऊ बाबा?" म्हणून विचारायचा, त्याला उत्तर द्यावं लागायचं आणि घसा मोकळा व्हायचा.

गेल्या पावसाळ्यात गजा वारला आणि मालोजीची उरलीसुरली बोलायची जागाही गेली. तरुणपणी गावातली नऊ माणसं मिळून रानात हाका घालायची, आरडाओरड करून जनावर उठवायची आणि मारायची. डुक्कर, भेकर, ससा, जे उठेल ते. त्या नवातला गजा आठवा गेलेला. दोघं म्हातारे संध्याकाळी पडवीत बसले की एक जण नुसता "त्या खडकाजवळची खेप" म्हणायचा आणि दुसरा हसायला लागायचा. आता कुठला खडक आणि कुठली खेप, हे कळणारं माणूस पंचक्रोशीत उरलं नव्हतं.

माघातल्या एका शनिवारी सकाळी त्या वळणावर एक गाडी अडकली.

पांढरी, फुलांनी सजवलेली आणि एवढी लांब की मालोजीला आधी वाटलं, एकामागं एक दोन गाड्या उभ्या आहेत. वर डोंगराच्या कडेला एक फार्महाउस होतं, तिथं लग्नं व्हायची. नवरदेवाला घेऊन गाडी तिकडं निघाली होती. वळणावरच्या उंचवट्यावर पुढची चाकं चढून उतरली, मागची चढायची राहिली आणि गाडीचं पोट मधेच टेकलं. ड्रायव्हरनं पुढं-मागं करून पाहिलं. दगड घासल्याचा आवाज आला आणि गाडी होती तिथंच बसली.

दारं उघडून माणसं उतरली. फेटा बांधलेला नवरदेव उतरला आणि त्याच्या मागून त्याचा मामा. मामा रागानं लाल झाला होता.

"साईराज, मी तुला पहिल्यापासून सांगत होतो," तो भाच्याला म्हणाला. "ही लिमोझिन नाहीच. दुबईला मी पाहिल्यात लिमोझिन. ही दोन गाड्या कापून जोडलेली आहे."

ड्रायव्हर साठीतला, पांढऱ्या दाढीचा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बुकिंगच्या कागदावर लिमोझिन लिवलंय. मी फक्त चालवतो."

"मग चालवा ना."

नवरदेव म्हणाला, "मामा, काय असेल ते असू दे, मुहूर्त गाठायचाय." फार्महाउसवरून जीप आली, सगळे तिच्यात दाटीवाटीनं बसले आणि धुरळा उडवत वर निघून गेले. ड्रायव्हर फोनवर मालकाशी बोलला, मग हातरुमालानं मान पुसत गाडीच्या सावलीत उकिडवा बसला.

मालोजी पडवीतून हे सगळं बघत होता. तो तांब्या घेऊन खाली उतरला.

"पाणी घ्या. असे उन्हात नका बसू, वर या."

"कर्जतवरनं माणसं येणार हायत जॅक घेऊन," ड्रायव्हर म्हणाला. "दुपार होईल म्हणतात. तुमाला तरास नाय ना?"

"मला कसला तरास?"

ड्रायव्हरचं नाव बद्रुद्दीन. राहणारा लोधिवलीचा, चौक गावाजवळचा. पडवीत येऊन त्यानं बूट काढून कडेला नीट लावून ठेवले, ते मालोजीला आवडलं. चहा झाला. मग बराच वेळ मनात घोळत होतं ते मालोजीनं विचारलं.

"लिमोझिन म्हंजे काय वो नक्की?"

बद्रुद्दीन हसला. "लोक म्हणतात लांब ती लिमोझिन. मंग एसटी काय आखूड हाय? कोण म्हणतो आत फ्रीज पायजे, कोण म्हणतो लाल दिवे पायजेत. या, दाखवतो."

त्यानं मालोजीला गाडीपाशी नेलं, पुढचं दार उघडून बसवलं आणि एक बटण दाबलं. ड्रायव्हरच्या पाठीमागून एक काळी काच हळूहळू वर आली.

"ही. ही वर गेली का मागच्यांचं मला ऐकू येत नाय आन माझं त्यांना नाय. ड्रायव्हर आन बसणारा यांच्यात काच आली का ती लिमोझिन. बाकी सगळी नुसती गाडी."

"मंग तो मामा म्हनत होता ते, जोडलेली?"

"ते खरंच हाय. मधला तुकडा दुसऱ्या गाडीचा हाय. पण काच हाय ना."

मालोजी त्या मऊ सीटवर थोडा वेळ बसून राहिला. मागं वळून त्यानं काचेत पाहिलं, तर त्याचंच तोंड दिसलं.

"म्हंजे नवरदेव आता जीपमधून गेला ती लिमोझिन नाय."

"जीपमधे तर ड्रायव्हरच्या मांडीवर पण माणूस बसतो," बद्रुद्दीन म्हणाला आणि दोघंही हसले. मालोजीला स्वतःच्या हसण्याचा आवाज जरा परका वाटला.

पुन्हा पडवीत येऊन बसले. समोर डोंगराची उतरण होती, वाळल्या गवताची. बद्रुद्दीन तिकडं बघत म्हणाला, "इकडं जनावर उतरतं का अजून?"

"डुक्कर उतरतं. भाताची नासाडी करतं." मालोजी म्हणाला, "आमी पयले हाका घालायचो. लायसनची बंदूक होती बापाची, पिकाच्या राखणीची. पुढं कायदा आला, बंदूक चौकीत जमा केली. आता एक ससा मारला तरी फॉरेस्टवाले आत टाकतात. बरोबरच हाय म्हना. तवा रानात लय होते."

"मंग शिजवायचात कसं?"

कुणी असं विचारून किती वर्षं झाली होती! जितेशला ही गोष्ट काढलेली आवडायची नाही. नातवंडांना सशाचं नाव काढलं की रडू यायचं. मालोजी सरसावून बसला.

"डुकराचं सांगत नाय तुमाला," तो संकोचानं म्हणाला.

"सांगा हो. ऐकायला हराम नाय."

मग मालोजीनं सांगितलं. डुकराचे केस पेंढ्याच्या जाळावर कसे भाजून काढायचे, सुरीनं कातडं कसं खरवडायचं, आणि त्याला तेल कसं घालावंच लागत नाही, त्याचीच चरबी सुटते आणि त्यातच ते शिजतं. वाटे कसे पडायचे तेही सांगितलं. ज्याची गोळी लागली त्याला डोकं आणि एक फरा, बाकीच्यांचे सारखे वाटे, कुत्र्यांचाही एक वाटा, आणि गावात कुणी बाळंतीण असली तर सगळ्यांत आधी तिच्या घरी.

"आन ससा?"

"ससा म्हंजे अवघड काम. तेला चरबी नसते. बोकडासारखा शिजवला का दोरखंड चावल्यासारखा लागतो. हळद-मीठ चोळून घटकाभर ठेवायचा. मंग मडक्यात तेल, लसूण जरा जास्ती, वाटलेली लाल मिरची. बास. खोबरं नाय, गरम मसाला नाय. झाकणावर पाणी ठेवायचं, लाकडं ओढून घ्यायची आन नुसत्या निखाऱ्यावर सोडून द्यायचा. घाई केली का गेला." मालोजीनं दम घेतला. "आमच्यात कशेळ्याचा एक मुलाणी असायचा, बाबूभाई. ससा जिता घावला का आधी त्याच्या हातात. त्यानं सुरी फिरवली का मंग सगळी खायला मोकळी. डुकराच्या दिवशी तो नुसता गप्पांना यायचा. तेच्यासाठी चार अंडी वायली उकडून ठेवायचो आमी."

बद्रुद्दीन मन लावून ऐकत होता. मधूनच "अच्छा" म्हणत होता, मधूनच प्रश्न विचारत होता आणि प्रश्नही नेमके विचारत होता. मालोजी उठला, परड्यात गेला आणि तांबडा कोंबडा काखेत मारून घेऊन आला.

"सशासारखाच करतो," तो म्हणाला. "सुरी तुमी फिरवा, म्हंजे दोघांना चालेल."

"अहो कशाला, मालोजीराव?"

"माणसं दुपारी येणार म्हनलात ना. तवर होतंय."

बद्रुद्दीननं बाह्या दुमडल्या, पश्चिमेकडं तोंड केलं. मालोजीनं पाय धरले. पुढचं सगळं मालोजीनं एकट्यानं केलं, चुलीवर, मडक्यात. जयवंता गेल्यापासून त्यानं त्या मडक्याला हात लावला नव्हता. दोघं जेवले. बद्रुद्दीननं तीन भाकरी खाल्ल्या आणि रस्सा वाटीनं प्याला. जेवणानंतर मालोजी पुन्हा बोलत राहिला, खडकाजवळची खेपसुद्धा त्यानं सांगितली. गजा भेकरामागं पळता पळता खडकाजवळच्या आंब्याच्या ढोलीत कसा अडकला आणि आठ जणांनी त्याला कसा ओढून काढला, ते. बद्रुद्दीन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

तीनच्या सुमारास कर्जतहून माणसं आली. फळ्या घातल्या, जॅक लावला आणि गाडी निघाली. जाताना बद्रुद्दीननं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपला नंबर लिहिला.

"चौकाला आलात तर लोधिवलीला घरी यायचं. हायवेला पंक्चरवाला हाय, त्याच्या मागं. कोणालाही विचारा."

"येतो," मालोजी म्हणाला.

ती लांब गाडी उलटी उलटी फाट्यापर्यंत गेली. वळण मोकळं झालं. मडकं घासताना मालोजीच्या ध्यानात आलं, आपण आज वर्षभराचं बोललो.

त्यानंतरचे दिवस त्याला बरे गेले. कोंबड्यांना दाणे टाकताना, अंगण झाडताना त्याला काही ना काही आठवायचं आणि तो मनात म्हणायचा, हे बद्रुद्दीनला सांगायचं राहिलंच. साळिंदराचं राहिलं. भेकराच्या काळजाचं राहिलं. बाजारात दुकानदाराला त्यानं विचारलं, "लिमोझिन म्हंजे काय, म्हाईत हाय का तुला?" दुकानदार म्हणाला, लांब गाडी. "चूक," मालोजी म्हणाला, आणि त्यानं काचेचं सगळं समजावून सांगितलं. दुकानदारानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साखर मोजून दिली.

दोनदा त्यानं फोनही लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा एक बाईमाणूस म्हणालं, "ते झोपलेत, ड्यूटीवरनं आलेत." मालोजीनं नाव सांगायच्या आधीच फोन बंद झाला.

चैत्र उलटला. ऊन तापायला लागलं. एक दिवस मालोजीच्या चष्म्याची काडी तुटली. कशेळ्यालाही ती बसवून मिळाली असती. पण त्यानं ठरवलं की चौकाला जायचं.

धोतर धुतलेलं नेसला. मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून बारा अंडी भुसकटात घालून डब्यात घेतली. कशेळ्याहून कर्जत, कर्जतहून पनवेलच्या एसटीनं चौक. तिथं काडी बसवून घेतली आणि मग रिक्षानं लोधिवली. पंक्चरवाला सापडला. त्याच्या मागं निळ्या रंगाचं बैठं घर होतं. अकरा वाजले होते.

दार बद्रुद्दीननंच उघडलं. लुंगी-बनियनवर, डोळे तांबारलेले. पांढऱ्या ड्रेसविना तो बराच म्हातारा दिसत होता.

"कोण?"

"मी मालोजी. कशेळ्याच्या पुढचा."

बद्रुद्दीन बघत राहिला. मग चेहऱ्यावर हसू आणून म्हणाला, "हां, हां. या, या, बसा. कशेळ्याचे... फार्महाउसवाले ना?"

"नाय. वळणावर गाडी अडकली होती तुमची. लगीन होतं."

"अच्छा, ते! बरोबर, बरोबर. चहा पाजलात तुमी."

"चहा पाजला होता," मालोजी म्हणाला. कोंबड्याचं त्यानं काढलं नाही.

बद्रुद्दीन माणूस वाईट नव्हता. त्यानं पंखा मोठा केला, उशी पाठीला दिली, आतल्या बाजूला तोंड करून सरबत सांगितलं. सांगू लागला की मालकानं ती गाडी नाशिकच्या माणसाला विकली. आता तो रसायनीकडच्या कंपनीची बस चालवतो, रात्रपाळीची माणसं न्यायची-आणायची.

"म्हंजे आता काच नाय," मालोजी म्हणाला.

"कसली काच?"

"तुमी म्हणाला होता. ड्रायव्हर आन बसणारा यांच्यात काच आली का ती लिमोझिन."

बद्रुद्दीन मनापासून हसला. "असं म्हणालो मी? वा! मालोजीराव, लग्नाची गाडी म्हंजे दिवसभर थांबायचं काम. जिथं थांबेल तिथं कोण ना कोण भेटतं, वेळ काढायला बोलायचं. एकाला सांगतो काच, एकाला सांगतो सहा दरवाजे. ज्याला जे पटंल ते. खरं काय ते मलाच म्हाईत नाय."

मालोजीही हसला. दुसरं काय करणार? सरबताचा पेला त्यानं दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या दिवसाला त्याच्या सबंध वर्षात जागा होती, आणि ह्याच्या हिशेबी तो थांबायच्या कामातला एक दिवस होता. यात बद्रुद्दीनचा दोष शोधून सापडत नव्हता आणि म्हणूनच जास्त लागलं. सरबत प्यावं, अंडी द्यावीत आणि बाराची एसटी गाठावी, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पण गप्प बसून राहणं बरं दिसेना, म्हणून तो म्हणाला, "तुमाला सशाचं कालवण सांगितलं होतं त्या दिवशी. बिनखोबऱ्याचं."

"हां, हां," बद्रुद्दीन म्हणाला. त्याचे डोळे मिटायला लागले होते. रात्रभर बस चालवून तो सकाळी सातला आला होता. अजून दोनदा त्यानं "हां" म्हटलं आणि मग खुर्चीतच त्याची मान कलली.

मालोजी उठायला लागला. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला.

"सशाला खोबरं घालत नव्हतात? मंग कोरडा नाय पडायचा?"

दारात बद्रुद्दीनची बायको उभी होती. साठीची, बारीक अंगाची, डोक्यावर ओढणी. हातात लसणाची पाटी.

"नाय पडत," मालोजी म्हणाला. "झाकणावर पाणी ठेवलं का वाफ आतल्या आत फिरते."

"आमी खोबरं घालायचो. सुकं, भाजलेलं. चरबी नाय ना त्याला, मंग तेल कुठनं सुटणार? आन आधी पपईच्या पानात गुंडाळून ठेवायची माझी आय. दोन तास. बोटानं तुटायचं मग."

मालोजी पुन्हा खाली बसला. "पपईच्या पानाचं मी नवं ऐकतोय."

"नवं नाय. लय जुनं हाय." तिनं मागं वळून एक पाट ओढला आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला टेकली. लसूण सोलता सोलता बोलू लागली.

तिचं नाव सफिया. माहेर खालापूरच्या वरच्या अंगाला. तिचा बाप कोळशाच्या भट्ट्यांवर मुकादम होता. ठेकेदार रान तोडायचा, लाकडं रचायचा, मातीनं लिंपून आठ-आठ दिवस भट्टी जळत ठेवायचा. बाप राखणीला, आणि आठ-नऊ वर्षांची ही त्याला भाकरी घेऊन जायची. भट्टीच्या उबेला ससे यायचे.

"बाप फासा लावायचा," ती म्हणाली. "सकाळी मी पळत जाऊन बघायची घावलाय का. घावला असला का आधी वाईट वाटायचं. मंग भूक लागायची."

"तसंच," मालोजी म्हणाला. "अगदी तसंच."

"डोळे उघडे असायचे त्याचे."

"मी तोंड वळवायचो. गजा म्हनायचा, शिकारी कसला रं तू?"

"गजा कोण?"

मग गजा कोण, हे मालोजीनं सांगितलं. या खेपेला तो सावकाश सांगत होता. भेकरामागं पळाला ते सांगितलं आणि गेल्या पावसाळ्यात खाटेवर पडला तेही. शेवटच्या चार दिवसांत गजा ओळखत नव्हता कुणाला, पण "हाका घाला, हाका घाला" म्हणायचा. हे त्यानं बद्रुद्दीनला सांगितलं नव्हतं. जितेशलाही नाही.

सफियाचे हात थांबले होते. "माझा बाप पण शेवटी भट्टी विझवायला सांगायचा," ती म्हणाली. "भट्ट्या बंद होऊन तवा वीस वरसं झाली होती."

खुर्चीत बद्रुद्दीन घोरत होता. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. बाराची एसटी कधीच निघून गेली असेल.

"ह्या घरात मी ही गोष्ट एकदाच काढली होती," सफिया म्हणाली. "लग्नाच्या पयल्या वर्षी. सगळी जेवायला बसली होती, मी म्हनलं, आमच्याकडं ससा असा करतात. सासू म्हनाली, जंगलातनं सून आणलीय का? सगळी हसली. हे पण हसले. वाईट नव्हतं मनात कोणाच्या. पण मी परत नाय काढली. चाळीस वरसं झाली."

मालोजी म्हणाला, "खोबऱ्याचं तुमी म्हनता ते बरोबर असंल. आमी गडी माणसं. खोबरं किसत कोण बसणार? म्हनून बिनखोबऱ्याचं. मंग तेच खरं म्हनायला लागलो."

सफिया तोंडावर ओढणी धरून हसली. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून आवाज न करता.

तिनं त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तांदळाची भाकरी होती, बोंबलाचं कालवण होतं. जेवताना ती उंबऱ्यातच बसून होती आणि एकामागून एक विचारत होती. साळिंदराचे काटे काढायचे कसे? भेकराच्या मटणाला वास येतो का? बाळंतिणीच्या घरी पहिला वाटा का जायचा? मालोजीनं साळिंदराचं सांगितलं, भेकराच्या काळजाचं सांगितलं. राहून गेलेलं सगळं सांगून झालं.

दोन वाजता तो उठला. अंड्यांचा डबा त्यानं तिच्या हातात दिला. तिनं अंडी एकेक करून टोपलीत काढून घेतली, डबा पुसून परत दिला.

"परत येईन कधीतरी," मालोजी म्हणाला. "ह्यांची सुट्टी असंल तवा."

सफियानं अंड्यांची टोपली खाली ठेवली.

"आमी जातोय भाऊ," ती म्हणाली. "मोठा पोरगा झुहेब मुंब्र्याला असतो. तो म्हणतो, आता बस झालं ह्या वयात रात्रपाळी करणं. घराचं बोलणं झालंय, पुढच्या महिन्यात ताबा द्यायचा. सहाव्या मजल्यावर हाय त्याचा फ्लॅट. लिफ्ट हाय."

"लिफ्ट हाय ते बरं," मालोजी म्हणाला.

"हां. ते बरं हाय."

"मुंब्र्याला पपईची पानं नसतील."

"ससे पण नसतील," ती म्हणाली.

बद्रुद्दीनला उठवू नका, असं मालोजीनं सांगितलं. ती पंक्चरवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत आली नाही, दारातच उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं तेव्हाही ती तिथंच होती, हात ओढणीला पुसत.

चौकाला एसटीसाठी तासभर उभं राहावं लागलं. कर्जतला उतरला तर कशेळ्याची गाडी नुकतीच सुटलेली. मग जीप. पाठीमागं पाच जण कोंबलेले, त्यात मालोजी. शेजारच्या बाईनं आपलं गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवायला दिलं. "जड नाय ना बाबा?" तिनं विचारलं. नाही म्हणाला. ती कानाला फोन लावून कुणाशी तरी बोलत राहिली आणि उतरताना गाठोडं घेऊन गेली. मांडीवरचं ओझं गेल्यावर मालोजीला उगाच हलकं हलकं वाटलं.

फाट्यावर उतरून तो चालत घरी आला. कोंबड्या दिवसभर उपाशी होत्या, पायांत घोटाळल्या. त्यांना दाणे टाकले, पाणी बदललं. पडवी झाडली. चूल पेटवायची गरज नव्हती, सफियानं पोटभर वाढलं होतं. डोंगरावरच्या फार्महाउसात माणसं आलेली दिसत होती, गाणी ऐकू येत होती.

तो पायरीवर बसला. मुंब्र्याच्या सहाव्या मजल्यावरून काय काय दिसत असेल, याचा त्यानं थोडा विचार केला. मग उठून कोंबड्या खुराड्यात घ्यायला गेला, तर त्या येईनात. उजेड अजून पुष्कळ होता.